माझी चाल

४ ऑगस्ट, हेब्बाळ, बंगळूर
पोचले एकदाची! सामान अजून खोक्यांतच आहे, पण लॅबमध्ये पहिल्याच दिवशी जीव रमला. इथे माणसाच्या हाडा-स्नायूंचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतात. पडद्यावर सांगाडा चालतो आणि जो स्नायू जोर लावतो तो लाल होतो. आमच्या प्रमुख राजलक्ष्मी, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मॅडम म्हटलं तर रागावल्या. “अक्का म्हण, सरी?” बोलण्यात कन्नड मिसळतात, सरी म्हणजे बरं का. लगेच जेवायला घरी नेलं. त्यांची मुलगी भव्या अपघातापासून मानेखाली लुळी आहे. तरी घर कसं हसतं! पुण्याला आईला कळवलं, मला इथे माहेर मिळालं.

११ ऑगस्ट
नव्या मॉडेलसाठी अक्कांनी माझंच शरीर मागितलं. तुझी चाल डौलदार आहे म्हणाल्या. मी लाजलेच. अंगभर मार्कर चिकटवून कॅमेऱ्यांपुढे चालले, पळाले, जिने चढले. नंतर सांगाडा चालला आणि हसूच फुटलं. डावा पाय किंचित बाहेर टाकायची माझी खोड त्यालाही!

२० ऑगस्ट
डावी पोटरी बधिर. मॉडेल उघडलं तर त्यातही तीच पोटरी पांढरी, जोर शून्य. योगायोग असेल. अक्कांनी स्वतः तेल चोळून दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

२३ ऑगस्ट
दोन्ही मांड्या गेल्या. भिंत धरून चालते. मॉडेलमध्ये त्याही पांढऱ्या. फाइल पुसायला गेले तर माझा पासवर्ड बंद.

२४ ऑगस्ट
कशीबशी रिक्षाने अक्कांकडे गेले. दार भव्याने उघडलं. उभं राहून. मग आत चालत गेली, डावा पाय किंचित बाहेर टाकत —
अक्का दचकल्या नाहीत. म्हणाल्या, नुसतं गणित होतं ते. तुझ्या मॉडेलातला जोर काढून भव्याच्या मॉडेलात भरला, आणि पोरीचा पाय हलला. मग थांबवेना.
“रागावू नको गं. जेवून घे स्वल्प.”
आणि पान वाढलं. मला.

२७ ऑगस्ट
इथेच आहे, अक्कांच्या घरी. उठता येत नाही. फोन त्यांच्याकडे. आईशी त्याच बोलतात, मला ऐकू येतं — वेदिका मजेत आहे, मी आहे ना. आई त्यांचेच आभार —

२९
भव्याला पुन्हा चित्रं काढायची आहेत. अक्कांनी सांगितलं, माझ्या केसांतून हात फिरवत. उजवा हात लागेल म्हणे — बोटं सकाळपासून — आई, हिला मी अक्का म्हण