लाइव्हमध्ये मागे कोण दिसतंय?

सोमवार, ४ मार्च

आजपासून मी मल्टिमीडिया. फोटोग्राफरला घरी बसवलंय. इथून पुढे बातमीदारानेच बातमी लिहायची, फोटो काढायचे, व्हिडिओ करायचा आणि रोज एकदा लाइव्ह जायचं, असं संपादकांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. पगार तोच. बाकीच्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. मी मनात म्हटलं, आली संधी. क्राइम बीटवर आयुष्य घासलंय. खून, चाकू, जाळपोळ, काय नाही पाहिलं? बरंचसं पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये, पण पाहिलंय.

संकल्प : निर्भीडपणा. निष्पक्षपणा. फोन चार्ज.

मंगळवार, ५ मार्च, दुपार

बस डेपोवर राडा! ड्रायव्हरांचा संप मोडायला ठेकेदाराने माणसं आणली. गज, काठ्या, दगड. एका ड्रायव्हरचा कान फाटून लोंबत होता. एका म्हाताऱ्या कंडक्टरला खाली पाडून पोटात लाथा घालत होते. मी तडक लाइव्ह गेलो. तेवढ्यात कानाजवळून दगड गेला, म्हणून अँगल बदलण्यासाठी तिकीट खिडकीमागे बसलो. त्यामुळे व्हिडिओत मुख्यतः भिंत आली. आवाज मात्र अप्रतिम.

ड्रायव्हरांचा पुढारी म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. म्हाताऱ्याला सोडवायला तो मध्ये घुसला. ठेकेदाराच्या भावाच्या हातातला गज हिसकावला आणि त्याच्याच खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज माझ्याकडे अगदी स्वच्छ रेकॉर्ड झालाय.

संपादक म्हणाले, भिंत काय दाखवताय? वाटलं, तोच गज घ्यावा आणि याचं टाळकं शेकून काढावं. सॉरी सर म्हणालो.

बुधवार, ६ मार्च

सकाळी उठतो तर मेहुणा आमच्या मागच्या खोलीत. बायकोने मला न विचारता आणून ठेवला. कपाळाला टाके. ठेकेदाराची माणसं त्याच्या मागावर आहेत. त्याच्या घराची दारं-खिडक्या फोडलीत, सापडला तर जिवंत सोडणार नाहीत म्हणे. वकील शुक्रवारी त्याला कोर्टात हजर करणार. तोवर तो इथे आहे हे कुणाला कळता कामा नये, अशी बायकोने शपथ घातली.

मी दुखावलो. सूत्रांची नावं न फोडणं हा तर माझा धंदाच. माझ्या तोंडून नाव काढायचं तर आधी दात उपटावे लागतील, म्हटलं. ती म्हणाली, तोंडाची नाही, मला तुमच्या त्या फोनची भीती वाटते. तिला माध्यमांतलं काही कळत नाही.

मेहुण्याला माणसाची पारख आहे. तुमच्या घरात आहे म्हणजे निर्धास्त आहे भावजी, म्हणाला.

गुरुवार, ७ मार्च, सकाळ

संपादकांचा फोन. कालचं लाइव्ह कुठाय? डेपोवर बस पेटवलीय, आत झोपलेला क्लीनर भाजलाय, पळा! म्हटलं, पळतो. मग शांतपणे विचार केला. घटनास्थळी कुणीही जाईल. विश्लेषणाला डोकं लागतं, आणि ते घरीच चालतं. बायको बाजारात गेलीय. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट. खिडकीकडे तोंड करून न बसता पाठ करून बसावं, लुक चांगला येतो.

त्याच दिवशी, दुपार

तुफान! एवढे लोक आजवर कधीच जमले नव्हते. विषय, हिंसाचाराचं मूळ. पण कमेंटवाल्यांना विषयाचं गांभीर्य नाही. जो तो विचारतोय, मागे कोण दिसतंय? मेहुणा पाणी प्यायला उठला असावा. मी शिताफीने सांगितलं, पाहुणे आहेत, आजारी आहेत. नाव फोडलं नाही म्हणजे नाही.

एक चाहता तर फारच आपुलकीने बोलला. साहेब, खिडकीतून पाण्याची टाकी दिसतेय, तुम्ही आमच्याच भागातले की, कुठली बिल्डिंग? टाकीसमोरचीच, दुसरा मजला, जिन्यालगतचं दार, म्हटलं, या एकदा चहाला. वाचकांशी नातं जोडा, हे संपादकांचंच वाक्य. आत्ताच येतो म्हणाला. चार-पाच मित्रही आणतोय.

लाइव्ह चालूच ठेवलंय. चाहत्यांची भेट थेट दाखवायची. चहाचं आधण ठेवलं. बेल वाजली. आणि दार का बडवतायत एवढं? उत्साह, दुसरं काय!

शनिवार, ९ मार्च

काल लिहिणं जमलं नाही.

चहा कुणी घेतला नाही. दाराची कडी उखडून आत आले. एकाने गळपट्टी धरून मला भिंतीवर आपटलं, तो कुठाय विचारलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. बोट जरा मागच्या खोलीकडे हललं असेल.

मेहुणा आपणहून बाहेर आला. म्हणाला, "भावजींना हात लावू नका. मी आहे ना इथे."

मग गज. आधी गुडघ्यावर, मग हातावर, खाली पडल्यावर जबड्यावर. भिंतीवर रक्त उडालं ते बायकोने पुसलं, तरी डाग राहिला आहे. बातमीदाराने अशा वेळी मध्ये न पडता घटना टिपायची असते. मी पलंगाखालून सलग टिपत होतो. फोनचा कॅमेरा लाइव्हमुळे माझ्याच बाजूला फिरलेला होता, हे तांत्रिक कारण. त्यामुळे सगळ्या गावाने माझा चेहराच पाहिला. मारण्याचा आवाज स्वच्छ आहे. मेहुण्याचं ते वाक्यही.

संपादक खूश. पेपरच्या इतिहासात एवढा कुठलाच व्हिडिओ चालला नव्हता. आता हॉस्पिटलमधून लाइव्ह हवंय.

रविवार, १० मार्च, हॉस्पिटल

फोन खिशातच ठेवला. निदान आत्तापुरता.

मेहुण्याचा जबडा तारेने बांधलाय. उजवा हात पुन्हा स्टिअरिंग धरेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. अजून शुद्धीवर नाही. बायको दारातच उभी होती. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर चपलेने मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "शुद्धीवर आला की आधी हेच विचारेल, भावजींना फार लागलं नाही ना. काय सांगू त्याला?"

फार नाही म्हणून सांग, म्हटलं. पलंगाखाली जाताना कोपर जरा खरचटलंय.