फिरत्या स्पीकरचा ऑर्गन

४ जानेवारी
नाही जमत! सूर बरोबर आहेत, पण जीव नाही. सत्तरच्या दशकातला रॉक ऑर्गन घुमायला हवा — माझा कीबोर्ड दारावरच्या बेलसारखा वाजतोय. ऑफिसच्या बँडचा कार्यक्रम सतराला. आमचा गिटारवाला पियूष म्हणतो, "कल्पना, कुणाला कळणार आहे?" मला कळेल ना!

५ जानेवारी
कारण सापडलं. तो आवाज फिरत्या स्पीकरमधून यायचा. म्हणजे आत खरोखर काहीतरी गरगर फिरायचं! सॉफ्टवेअरमधली नक्कल पुरे. खराखुरा बनवायचा.

मोटर हवी म्हणून खाली घरमालकांकडे गेले. कोंडिबाकाका ओसरीवर होते. "काका, जुना पंखा आहे का?"

"चुना? न्हाई. तंबाकू सोडली म्या."

आतून रत्नाकाकू — "त्यांला नको इचारू. खालची जमीन इकली तवापासनं घुमे झालेत. दोन वरसं माझ्याशी धड बोलत न्हाईत, तुला काय सांगतील!"

पंखा शेवटी काकूंनीच माळ्यावरून काढून दिला.

११ जानेवारी
काकांच्या हातात काय कसब आहे! मी कागदावर चित्र काढून दाखवलं, त्यांनी दोन दिवसांत प्लायवूडची पेटी ठोकली. वर स्पीकर, खाली पंख्याच्या मोटरवर थर्माकोलचा पोकळ ढोल, त्याला एकाच बाजूला तोंड. रेग्युलेटर एकवर — आवाज लाटेसारखा येतो-जातो. तीनवर — नुसता थरथराट! अंगावर काटा आला.

काकू भाकरी थापता थापता ओरडल्या, "म्हस अडलीया का काय वर?"

१२ जानेवारी
आज भलतंच झालं.

काका पेटीवर तळहात ठेवून बसले होते. मी कीबोर्डवरचे ड्रॉबार लावत होते. नऊ दांड्या — डावीकडची ओढली की खर्ज, उजवीकडे जावं तसा आवाज बारीक. खर्जाला काका मान डोलवत होते. मग मी फक्त शेवटची, शिट्टीसारखी दांडी ठेवली आणि वरची पट्टी दाबली.

"वाजीव की," काका म्हणाले.

"वाजतंय, काका."

"कुटं? बंदच हाय."

दारात काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप खाली ठेवून दोन्ही कानांत बोटं घातलेली! आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मी मोठ्याने विचारलं, "काका, काकू बोलतात ते ऐकू येतं?"

काकांनी पेटीवरचा हात काढला. मग म्हणाले, "ती आताशा तोंडातल्या तोंडात पुटपुटती. जमीन इकली म्हून राग हाय तिचा. दर टायमाला काय म्हनलीस, काय म्हनलीस — किती इचारायचं? सोडलं इचारायचं."

काकू मटकन पायरीवर बसल्या. "माजा राग? आवो, मला वाटलं तुमचा हाय!"

चहा गार झाला. कुणी प्यायलाच नाही.

१७ जानेवारी
वाजवलं!! रेग्युलेटर एकवरून तीनवर नेला आणि मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. पियूष पेटीला मिठी मारून बसला होता.

२५ जानेवारी
काकांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक आवाज गेलेत, पण यंत्राने बरंच ऐकू येईल म्हणाले. काका वाटभर कुरकुरत होते, "म्हाताऱ्या कानात आता काय दागिनं घालताय!" काकूंनी त्यांचा दंड सोडला नाही.

९ फेब्रुवारी
काल यंत्रं बसवली. आज सकाळी जिना उतरताना पाहिलं — काका स्वयंपाकघराच्या दारात उभे, अगदी स्तब्ध.

"तू गातीस?"

काकू पाठमोऱ्याच. "व्हय."

"कवापासनं?"

"दोन वरसं झाली. घरात बोलायला कुनी न्हवतं."