वेटिंग रूममधली अभिरुची

२ मार्च, सोमवार
आजपासून दवाखान्यातला स्पीकर माझ्या ताब्यात. दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हवं ते लावा, पेशंट घाबरायला नकोत म्हणजे झालं. एकोणीस वर्षं काउंटरवर बसून आज कुठे योग्य हातात सूत्रं आली. फिल्मी गाणी बंद. माणसाची आवड हीच माणसाची मूल्यं. (हे वाक्य छान झालंय. कुठेतरी वापरणे.)

४ मार्च
शास्त्रीय गायन सुरू केलं. पन्नास मिनिटं, अतिसंथ. एका पेशंटने विचारलं, आत कुणाला फार त्रास होतोय का? अडाणीपणा.
टेबलावरची सिनेमाची मासिकं काढून सहाशे पानी कादंबरी ठेवली. स्वतः वाचलेली आहे. अकराव्या पानापर्यंत, पण लेखकाची भूमिका लक्षात आली.

५ मार्च, संध्याकाळ
संकल्प : रोज तीस पानं. जमलं नाही, कारण बायको त्याच खोलीत सिनेमा बघत होती. नेमका किती व्यत्यय येतो हे कळावं म्हणून शेवटपर्यंत बघावा लागला. नायिकेची आई परत येते तिथे डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

९ मार्च
बँकेतले कॅशियर कवळी न दाखवताच उठून गेले. डॉक्टरबाईंनी जाब विचारला. म्हटलं, चाळण लागतेय, रसिक तेवढे उरतील. त्या म्हणाल्या, माझ्याकडे लोक कीड काढायला येतात हो.
एक तरी रसिक पेशंट दाखवायला एक दिवसाची मुदत मागितली. आठवड्याची मिळाली. बाई मुळात चांगल्या आहेत.

१२ मार्च
देव पावला! उद्या अकराला रिटायर्ड गायनशिक्षिका येताहेत. रूट कॅनॉल. चाळीस वर्षं शास्त्रीय शिकवलेलं. अखेर आपलं माणूस! वाक्य तयार ठेवलंय : 'हल्ली कान असलेली माणसं राहिली नाहीत.'
मुलगी म्हणाली, बाबा, बाथरूममध्ये त्या सिनेमातलं गाणं म्हणत होतात. सांगितलं, त्यातले दोष तपासत होतो.

१३ मार्च
बाई आल्या. पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी आवाज वाढवला, वाक्य टाकलं. त्या म्हणाल्या, अहो, बंद करा ते आधी. गाणारा बेसूर होतोय, दाढेपेक्षा तेच जास्त ठणकतंय. काहीतरी हलकंफुलकं नाही का? म्हटलं, आम्ही तसलं ठेवत नाही. असू दे, म्हणाल्या.
तेवढ्यात आत ड्रिल सुरू झालं. त्यांचा चेहरा पांढराफटक. काउंटरवरून त्यांनी माझी बाहीच धरली. मला जाऊ द्या, घरी जाते, असं पुटपुटायला लागल्या.
गायलो.
तेच, सिनेमातलं. तिन्ही कडवी. मधलं म्युझिक तोंडाने. दुसऱ्या कडव्याला बाई बोटांनी ठेका धरू लागल्या, तिसऱ्याला हसल्या. दार उघडून डॉक्टरबाई मास्क लावून उभ्या. बाई स्वतःहून आत गेल्या.

१४ मार्च
खुलासा : कालचा प्रकार वैद्यकीय गरज होती. त्याचा आवडीशी संबंध नाही.
जाताना बाई म्हणाल्या, सूर यथातथाच आहे तुमचा, पण शब्द सगळे पाठ आहेत! पहिला भाग त्यांनी मास्तरकीच्या सवयीने म्हटला असावा.

१६ मार्च
बाईंची पुढची वेळ शुक्रवारी. डॉक्टरबाईंनी वहीत नावापुढे लिहिलंय : 'गाण्यासह'. ते बघून आणखी दोघांनी मागणी केली. तत्त्व म्हणून साफ नकार दिला. फक्त ड्रिलपुरतं, आणि चारच गाणी.
चौथ्याचं एक कडवं आठवेना. बायकोला विचारलं. तिने न हसता सगळं सांगितलं, चालीसकट, आणि मग दोघांनी मिळून म्हटलं. दोनदा.
मजा आली. फार दिवसांनी.
(शेवटच्या दोन ओळी उद्या खोडणे.)