पालकाचा रकाना

भोसरी
७ सप्टेंबर २०२५

चि. वर्षालीस मामा-मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवले’ ही तीनच अव्यये वापरतेस. त्यातले ‘जेवले’ हे अव्यय नव्हे, पण तू ते तसेच वापरतेस, काळवेळ न पाहता. म्हणून हे पत्र.

इकडे सर्व ठीक. शेजारच्या वर्कशॉपातला प्रेस आठाच्या ठोक्याला धडधडायला लागतो. पूर्वी तू खिडकीतून त्याच्यावर ओरडायचीस. आता कोणी ओरडत नाही म्हणून त्यालाही करमत नसावे. हल्ली मधेच बंद पडतो. घटक चाचणीच्या गुणांची बेरीज यंदा तुझ्यावाचून मीच केली. एका पोराला वीसपैकी तेवीस पडले. तक्रार करायला तो आला नाही, पुढच्या बाकावरची मुलगी आली. मामी म्हणते, घर मोठे झाल्यासारखे वाटते. खोल्या दोनच आहेत, हे मी तिला सांगितले नाही. मलाही तसेच वाटते.

तुझे आप्पा दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, निघोज्याहून येतात. दाराजवळच्या स्टुलावर बसतात, चहा घेतात, वर्षाचं काय म्हणून विचारतात आणि जातात. तुझी आई जयमाला गेली आणि तू आमच्याकडे राहायला आलीस, त्याला बारा वर्षे झाली. तेव्हापासून त्यांचा हा एकच प्रश्न. या खेपेस मी ‘बरं आहे’ म्हणून विषय पावसावर नेला. तुझा आवाज बरा वाटत नव्हता. काय असेल ते लिही. तुझे एम.एस्सी.चे संख्याशास्त्र मला कळत नाही, तेव्हा मी निःपक्षपाती श्रोता आहे.

लोभ आहेच, तुझ्याकडचा थोडा कागदावर यावा, एवढेच मागणे.

तुझा,
निरंजनमामा

---

मुलींचे वसतिगृह, नागपूर
१५ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मेसच्या रांगेत वाचत होते, हसले, आणि माझा नंबर गेला.

आता खरं सांगते. पहिल्या चाचणीत तीसपैकी सात पडले. तुम्ही तपासले असते तर कदाचित चाळीस पडले असते. इथे सगळं इंग्रजीत धाडधाड पुढे जातं. आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. मग विद्यार्थी साहाय्य कक्षात गेले. तिथल्या विजयश्री मॅडमनी रागावण्याऐवजी खुर्ची दिली. त्यांनी दुसऱ्या वर्षाची पिंकीताई जोडून दिली आहे, ती आठवड्यातून दोनदा शिकवते. अकोल्याची आहे. मला काही अडलं की आधी खो खो हसते, मग समजावते. ते बरं चाललंय.

अडलंय ते दुसरंच. त्याच कक्षाचा साहाय्य निधी आहे. फी आणि वसतिगृह दोन्ही सुटतं. मी अर्ज केला आणि पहिल्याच फेरीत बाद झाले. चूक माझी. ‘पालक’ या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलं. विचार करून नाही, हातानेच लिहिलं, शाळेपासून तेच लिहीत आले. जोडीला तुमचा उत्पन्नाचा दाखला लावला, आणि तुमचा पगार मर्यादेच्या वर निघाला. मॅडम म्हणाल्या, वडील आहेत, या वर्षीचा खर्च तेच करतात, तर पालक तेच. अर्ज दुरुस्त करता येईल. पण त्यासाठी आप्पांची सही लागेल आणि तुमचं प्रतिज्ञापत्र, की मी तुमच्यावर अवलंबून नाही आणि तुमच्या कुटुंबात मोडत नाही. तीस तारखेच्या आत.

मामा, तसं काही लिहून देऊ नका. आप्पांनी प्रवेशाला पीएफ काढला, आता त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. पण तुमच्याकडून असं लिहून घेऊन मला शिकायचं नाही. मी परत येते. भोसरीत कुठेतरी नोकरी मिळेल.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा, कागद काहीही म्हणो.

आपली,
वर्षाली

---

भोसरी
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. वर्षालीस अनेक आशीर्वाद.

निधी मंजूर झाल्याचा तुझा फोन आला. मामीने तो पुन्हा पुन्हा सांगायला लावला. पण ते कसे घडले हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

आधी एक. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी श्रीमंत ठरवले, आणि तेही पुराव्यानिशी. त्या बाद अर्जाची प्रत जपून ठेव.

तू नको म्हणालीस, तरी मी विजयश्री मॅडमकडून तुझा अर्ज मागवून घेतला. गेल्या गुरुवारी दाजींना, म्हणजे तुझ्या आप्पांना, घेऊन पिंपरीला नोटरीकडे गेलो. टायपिस्टने मजकूर काढला: सदर विद्यार्थिनी माझ्यावर अवलंबीत नाही व माझ्या कुटुंबाची सदस्य नाही. मी पेन काढले आणि ‘अवलंबीत’मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली. मग मजकुरात दुसरी चूक सापडते का ते पाहत राहिलो. सापडली नाही. सगळे खरेच होते.

तेवढ्यात दाजी उठले. वकिलाच्या टेबलावरून कागद उचलला आणि म्हणाले की मास्तर, असलं काई लिहून द्यायचं न्हाई, पोर तुमचीच हाय, मी डबल ड्युटी करीन. वकील म्हणाला, बाहेर रांग आहे, काय ते ठरवा.

वर्षाली, तेव्हा मला चौथीतला तुझा प्रवेश आठवला. शाळेचा फॉर्म टेबलावर होता आणि तुझे आप्पा ड्युटीवरून तसेच येऊन माझ्या शेजारी उभे होते. पेन माझ्या हातात होते. त्यांचे अक्षर चांगले नाही, एवढ्या कारणाने मी त्या रकान्यात माझे नाव घातले. त्यांना विचारलेसुद्धा नाही. ‘पाल्’ धातूचा अर्थ रक्षण करणे, हे मी तीस वर्षे पोरांना शिकवतो. बाप शेजारी उभा असताना ते काम परस्पर आपल्याकडे घ्यावे, असे कुठल्याही व्याकरणात नाही.

हे सगळे मी त्यांना वकिलासमोरच बोललो. त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. मग तुझ्या अर्जावर, पालक म्हणून, त्यांनी पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, रकान्याच्या बाहेर जाऊन. आणि वकिलाला विचारले, याची एक झेरॉक्स मला मिळंल का.

आज सोने घेऊन आले आहेत. स्टुलावर नाही, माझ्यासमोर टेबलाशी बसलेत. तू कोणता विषय शिकतेस ते मला तीनदा विचारून घेतले. म्हणतात, खाली थोडी जागा सोडा. सोडतो.

आशीर्वाद आणि लोभ दोन्ही चालू आहेत. त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही.

तुझा,
निरंजनमामा

---

वर्षा,

मी आप्पा. मला लिहायची सवय न्हाई. मास्तर म्हनले तुमी बोलता तसंच लिवा, मी चुका काढनार न्हाई. पन बघतायत.

तुजी आई गेली तवा मला तीन पाळ्या व्हत्या. तुला एकटीला खोलीत ठिवून जाता येत नव्हतं. म्हनून मास्तरांकडं सोडली. नकोशी व्हतीस म्हनून न्हाई. हे तुला कदी बोललो न्हाई.

मास्तरांचं वाईट वाटून घेऊ नको. त्यांनी चांगलं वाढवलं.

दिवाळीला तू येशील. सुट्टीत तू आधी निघोज्याला यावं असं मला बारा वर्सं वाटतंय. पन तू भोसरीलाच ये. गाडी नाशिक फाट्याला थांबती. पाटंची येती म्हनत्यात. मी तिथं हुबा राहतो. बॅग मी घेईन, घरापातूर तुज्यासंगं चालत येईन. तेवढं पुरं हाय.

भैरू
(पालक)