माशीला दिशा कशी कळते

रविवार, १४ जून

प्रिय छकुले,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतंय कोण! निवृत्तीनंतर माशीच्या मेंदूत डोकं घालणारी आई तुझ्या मैत्रिणींत कुणाचीच नसेल.

प्रयोगशाळेतलं काम तेच. मेंदूच्या पातळ चकत्यांचे फोटो पडद्यावर एकामागून एक बघायचे आणि एकाच पेशीचा धागा रंगवत पुढे जायचं. प्रत्येक धागा दोघांनी वेगवेगळा रंगवायचा, एकमेकांना न विचारता. जुळलं तरच खरं. माझे जोडीदार घड्याळजी. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून हे नाव. मागच्या पत्रावर तू फोनवर म्हणालीस, "आई, यात माशीपेक्षा घड्याळजीच जास्त आहेत गं!" आगाऊ कुठली.

तर माशीच्या काही पेशी गोल करून जोडलेल्या असतात. जी जागी होते ती शेजारणींना ढोसते आणि समोरच्यांना गप्प बसवते. त्यामुळे एका वेळी गोलाचा एकच भाग जागा राहतो, आणि माशी वळली की तोही सरकतो. दिवे घालवले तरी आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हे माशीला कळतं. एकट्या पेशीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सगळी करामत कोण कुणाला जोडलंय यात.

पण आमच्या गोलात एक फट राहिली होती. आमचं दोघांचं जुळलं होतं, म्हणून कुणी तपासलं नाही. जुळणारच! एका चकतीवरच्या काळ्या डागापाशी धागा संपला, असं दोघांनीही आपापलं ठरवून टाकलेलं. नुसती धूळ होती ती. मंगळवारी शेजारी बसून पाहिलं, तर पुढच्या चकतीत धागा पुन्हा हजर, आणि थेट शेजारणीला भेटलेला. गोल पूर्ण! मी चक्क नाचले. आमच्या प्रमुख बाईही नाचल्या.

मग घड्याळजी हळूच म्हणाले, "आपण चुकतोसुद्धा सारखेच. आता एकाच घरात राहून चुकूया का?"

तुझे बाबा गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते गं. मंगळवारपासून हे पत्र टाळतेय, कारण मला तुझी भीती वाटते. बाबांचा फोटो आहे तिथेच राहील. हे आधी घड्याळजीच बोलले.

मी हो म्हटलंय, छकुले. तेव्हा परवानगी मागत नाही. पण तू शेजारी नसलीस तर माझ्याच्याने लग्नाच्या कागदावर सही होणार नाही. रागावली असशील तर रागावून ये. पण ये.

या वयात लाजणारी,
तुझीच आई