बायकोच्या हृदयाची लेखी हमी

१ सप्टेंबर, मंगळवार
रविवार पुरवणीसाठी संपादकांनी विषय दिला: रक्तातलं एक प्रथिन आणि बायकांचं हृदय. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि लैंगिक संप्रेरकांना धरून रक्तात हिंडतं. ज्या बायकांत ते कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो, असं संशोधक म्हणतात. मी त्याचं बारसंही केलं: लिंगसंप्रेरकबंधक वर्तुलप्रथिन. षष्ठी तत्पुरुष, निर्दोष. संकल्प: रोज पाचशे शब्द.
हिला नाव वाचून दाखवलं. म्हणाली, ऐकतानाच दम लागला. नुकतीच चार जिने चढून, दोन पिशव्या घेऊन आली होती. त्याचा असेल.

३ सप्टेंबर, गुरुवार
शब्द: शून्य. वाचन मात्र अफाट. एक वाक्य जमलं: ‘स्त्रियांच्या हृदयाकडे घरचे पुरुष लक्ष देत नाहीत.’ असं सुचायला निवांतपणा लागतो. ही दोनदा काहीतरी सांगायला खोलीत आली. हातानेच थांबवलं.

५ सप्टेंबर, शनिवार
जिना चढताना हिचा जबडा दुखतो म्हणे, पाठही भरून येते. दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. त्यांनी दात ठणठणीत आहेत, हृदय दाखवून घ्या, असं सांगितलं. माणसाने आपल्या विषयापुरतं बोलावं.
तरी घरात ज्ञान असताना बाहेर कशाला जा? हिचं प्रथिनच मोजून घेऊ. लेखाला उदाहरणही मिळेल.

८ सप्टेंबर, मंगळवार
लॅबमधल्या बाईंनी विचारलं, ही टेस्ट कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिली? म्हटलं, मीच. मग बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, कार्डिओग्राम काहीच नको का, असंही विचारून झालं. ते सगळं जुनं झालं, मी म्हटलं. ही पुटपुटली, आलोच आहोत तर करून टाकू या ना. तिला शास्त्र समजावलं. कार्डिओग्रामची रांगही लांब होती, तो भाग वेगळा.

१० सप्टेंबर, गुरुवार
रिपोर्ट आला. प्रथिन मर्यादेच्या अगदी मधोमध. हिला समोर बसवून हृदय उत्तम असल्याचं जाहीर केलं. रिपोर्टच्या पाठीमागे ‘निर्धोक’ असं लिहून खाली सही केली.
“अहो, मग जिन्यात मधेच बसावं का लागतं?”
वजन. चार किलो उतरवायचा संकल्प केला. उतरवणार ती. मी उद्यापासून प्रोत्साहन देणार.

१२ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११
लेख दिला. नाव एका कॉलममध्ये मावेना म्हणून संपादकांनी माझ्या प्रथिनाचे तीन तुकडे केले. दुःख हिला सांगावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर माझ्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी: ‘वहिनीला हार्टच्या डॉक्टरांकडे नेतेय. तू लेख लिही.’ शेवटचं वाक्य कौतुकाचं असावं.

१३ सप्टेंबर, रविवार
लेख छापून आला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वाचला.
हिच्या हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. काल दुपारीच स्टेंट घातला. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. बहिणीला.
मी सहीचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. मग शांतपणे सांगितलं की असे संबंध हजारो बायकांच्या आकड्यांत दिसतात. त्यातला एक आकडा हातात धरून एका बाईला निर्धास्त करता येत नाही. घरी कधी बीपी तरी मोजलं होतं का?
मोजतो. रोज. माझं.

१५ सप्टेंबर, मंगळवार
हिला वॉर्डात आणलं. चेहऱ्यावर रंग आहे. परिचारिका फॉर्म भरत होती. त्रास कधीपासून? मी म्हटलं, आठ-दहा दिवस. ही म्हणाली, पाच महिने. मला हे नवीनच होतं.
याआधी कोणाला सांगितलं होतं?
“यांना,” ही म्हणाली. “यांचा अभ्यास आहे त्यातला.”
परिचारिकेने पेन थांबवून आदराने विचारलं, मग यांनी काय केलं?
“लेख लिहिला.”
परिचारिकेने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि रकान्यात लिहिलं: ‘उपचार नाही.’
दोनच शब्द. खोडण्यासारखं काही सापडलं नाही.