बाटलीतले बुडबुडे

सोलापूर, शनिवार

अण्णा, धाकट्या ईरप्पाचं शरणार्थ.

एवढं जगदेवीला वाचून दाखवा. सातव्या महिन्यात आलेल्या आपल्या लेकराला दम पुरत न्हाई, म्हणून दवाखान्यात नाकात नळी घालून हवा देत्यात. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलंय. तितं सारखे बुडबुडे येत्यात. तिला दूध उतरलं का? वहिनींनी पेज द्यावी.

हितनं पुढचं मनातच वाचा. बुडबुडे लेकराच्या श्वासाचे न्हाईत, सिलिंडरच्या हवेचे हायत. शेजारचं पोर काल गेलं, तरी नर्स येईस्तोवर त्याच्या बाटलीत बुडबुडे येतच होते.

आपल्याची छाती लई आत ओढती. डॉक्टर माझ्याकडं बघायचं टाळत्यात. सुताराला पाळण्याचं थांब म्हणावं.

जगदेवीनं परत विचारलं, तर बुडबुडे येत्यात म्हणून सांगा. ते खोटं न्हाई.

तुमचा,
ईरप्पा